रेडिएटरला कोणतं पाणी पाजायचं?

मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, की जाणाऱ्या-येणाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो : "गाडी गरम होऊन राह्यली ना भाऊ, पानी टाका लागते." पाणी कुठलं, हे कुणी विचारत नाही. जवळ जो बोअर असेल त्याचं. दोष जातो उन्हाला.

ऊन निर्दोष आहे असं नाही, पण हिशोब करून पाहावा. चालत्या इंजिनातलं पाणी साधारण ९० ते १०० अंशांवर असतं. डिसेंबरात बाहेर १५ अंश असताना रेडिएटरला, म्हणजे इंजिनातलं पाणी गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीला, उष्णता टाकायला ८० अंशांचा उतार मिळतो. नवतप्यात बाहेर ४५ असताना तोच ५० वर येतो. चांगल्या अवस्थेतल्या गाडीला तेवढा पुरतो. ज्या गाडीच्या नळ्या अर्ध्या बुजल्या आहेत, ती हिवाळा काढते आणि मे महिन्यात रस्त्यात बसते. बुजायचं काम वर्षभर चाललेलं असतं, बहुतेक वेळा आपल्याच हाताने.

आपल्याकडच्या माणसाला पाण्याची पारख नाही असं म्हणवत नाही. कोणत्या विहिरीचं पाणी गोडं, कोणत्याचं खारं, कोणत्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ दोन तास ठेवली तरी शिजत नाही, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. डाळ न शिजणं म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असणं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, त्यावर मिठाचीही भर. डाळीसाठी जे पाणी आपण नाकारतो, तेच गाडीला बिनदिक्कत पाजतो.

ते पाणी आत काय करतं, हे हिटरच्या रॉडवर बसलेल्या पांढऱ्या थराकडे पाहिलं की कळतं. पाण्यात विरघळलेला चुना तापला की बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम भिंतीला चिकटतो. इंजिनात ती भिंत म्हणजे सिलिंडर-हेडच्या भोवतीची पोकळी, जिथे थर सगळ्यात जास्त नडतो. चुन्याच्या थरातून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने शंभरएक पटींनी कमी वाहते, त्यामुळे नखाएवढा थरही पुरेसा होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची वरची मर्यादा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. आपले बरेच बोअर तिच्या आसपास किंवा पुढे असतात. कुठेतरी झिरपणाऱ्या गाडीत आठवड्याला अर्धा लिटर असं पाणी ओतलं, तर वर्षात १५ ग्रॅमच्या वर क्षार आत जातात. सगळे बसत नाहीत, काही गळतीबरोबर बाहेर येतात, पण चार लिटरच्या यंत्रणेला थोडेही खूप होतात. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड याहून वाईट. ते ॲल्युमिनियमला टोचल्यासारखी बारीक भोकं पाडतात, आणि ती भोकं रेडिएटर गळू लागल्यावरच दिसतात.

म्हणून घरी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते रसायन, बदलायचं, यंत्रणा धुवायची, असं ठरवलं तर पहिली तयारी पाण्याची. सुरुवातीच्या खळखळाटाला बोअरचं पाणी चालेल. एक-दोनदा भरून लगेच काढलेल्या पाण्याने फारसं बिघडत नाही. शेवटच्या दोन धुण्यांना मात्र गावातल्या आरओ प्लांटचा २० लिटरचा कॅन आणावा, आणि कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावं. आषाढात टिनावरचं पावसाचं पाणी धरून ठेवलं असेल, पहिल्या दोन-तीन सरींनी टिनं धुऊन निघाल्यानंतरचं, तर धुण्यासाठी त्याच्याइतकं मऊ पाणी दुसरं नाही. कापडातून गाळून घेतलं की झालं.

काम सुरू करण्याआधी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. पाणी तांबूस, चहाच्या रंगाचं असेल तर गंज आहे, धुण्याने फरक पडेल. झाकणाच्या खाली मातकट साका असेल तर तेच. पण पाण्यावर दुधाच्या चहासारखा घट्ट, तेलकट तवंग असेल, किंवा थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. तेल पाण्यात मिसळतंय, नाहीतर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय; बहुधा हेड गॅसकेट (हेड आणि इंजिन-ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेली असते. तिथे घरच्या बादलीचं काम नाही, मिस्तरीच लागतो.

झाकण थंड इंजिनाचंच उघडायचं, यात तडजोड नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो, आतलं पाणी त्याच क्षणी वाफ होतं आणि तोंड-छातीवर येतं. उन्हाळ्यात दुपारी थांबवलेली गाडी तासाभरात थंड होत नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी सहाला काम धरावं, म्हणजे आपलंही डोकं तापत नाही. किल्ली काढून ठेवा. काही गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन गरम असलं की बंद गाडीतही फिरतो.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. खाली शिरायचं असेल तर विटांच्या थप्पीवर गाडी चढवू नका, वीट फुटते. हीटरचा खटका पूर्ण गरमकडे फिरवा. विदर्भात हीटर कोण लावतो? म्हणूनच ज्या गाड्यांत हीटरच्या पाण्याला वेगळा वॉल्व्ह असतो, तिथे वर्षानुवर्षांचं जुनं पाणी साचून राहतं आणि धुतल्यावर आठवडाभरात नवं कूलंट मळतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो खटका फक्त हवेची झडप हलवतो, पाणी कायम फिरत असतं; तरी फिरवून ठेवल्याने नुकसान नाही.

रेडिएटरच्या तळाशी प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग असेल तर तो हाताने सैल करा. पक्कड लावून जोर केला की पिळतो. प्लग नसेल तर खालचा होज (रबरी नळी) काढावा लागतो. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवायची; जुबली क्लिप असेल तर पेचकसाने. होज नळीला चिकटलेला असतो. त्याच्या फटीत पेचकस खुपसून उचकटू नका, खालचं तोंड प्लॅस्टिकचं असतं आणि चिरतं. होज मुठीत धरून आधी जागच्या जागी पिळा, सुटला की ओढा. अजिबात सुटत नसेल तर ब्लेडने उभा चिरा द्या आणि नवा होज घ्या. रेडिएटरपेक्षा होज केव्हाही स्वस्त.

खाली घमेलं ठेवायला विसरू नका, आणि निघालेलं पाणी मोजा. चार-साडेचार लिटरच्या छोट्या गाडीतून एका वेळी जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर निघतं. बाकीचं इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. ब्लॉकलाही प्लग असतो, पण जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो. तुटला तर चांगलं काम आडवं जातं. तो सोडून द्या, धुणं दोनदा जास्त करा. हा राहिलेला आकडा शेवटी कामाला येणार आहे.

घमेल्यातलं हिरवं किंवा लाल पाणी हे गावच्या अंगणात सगळ्यात धोक्याचं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं. कुत्रं, शेळी, वासरू, कोंबड्या, जे मोकळं फिरतं ते तोंड लावतं, आणि थोडक्यानेही मूत्रपिंडं जातात. सुरुवातीला जनावर फक्त झिंगल्यासारखं दिसतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. प्यालं असं कळताच, लक्षणांची वाट न पाहता, गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. उशीर झाला की औषध चालत नाही. जुनं कूलंट उकिरड्यावर, नाल्यात किंवा विहिरीच्या काठी ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून, वर ठळक लिहून, तालुक्याच्या ज्या वर्कशॉपात जुनं ऑइल जमा करतात तिथे द्यावं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच भरू नये, पोरं पितात.

आता धुणं. प्लग लावून पाणी भरा, इंजिन सुरू करा, वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत चालू ठेवा. होज तापणं म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडला आणि पाणी पूर्ण फिरू लागलं. त्याआधी बंद केलं तर रेडिएटर धुतला जातो आणि ब्लॉक तसाच राहतो. घरगुती धुण्यात सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. पंखा एकदा लागून बंद झाला की इंजिन थांबवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग काढा. घाईत गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. साध्या मळाला तीन-चार वेळा पुरतं, म्हणजे काम एका सकाळचं राहत नाही, दोन दिवसांचं होतं.

चुना बसलाच असेल तर नुसत्या पाण्याने हलत नाही. किराणा दुकानातलं निंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, इथे चांगलं काम करतं. यंत्रणेच्या एकूण मापाला लिटरमागे २५ ग्रॅम धरा, साडेचार लिटरला ११०-११५ ग्रॅम. हे कोमट आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून मगच ओतायचं. बोअरच्या पाण्यात विरघळवलं तर त्यातल्याच चुन्यावर बरंचसं ॲसिड खर्ची पडतं. इंजिन तापल्यावर १५-२० मिनिटं जागच्या जागी चालवा, थंड करा, त्याच दिवशी काढा. रात्रभर ठेवण्याचा मोह नको. चुना संपला की ॲसिड ॲल्युमिनियमकडे वळतं. पाणी पिवळट-तांबूस निघेल. त्यानंतर किमान तीनदा साध्या पाण्याने धुवा, शेवटचे दोन आरओचे. आत ॲसिड राहिलं तर नव्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं पहिल्याच महिन्यात मारली जातात.

यापलीकडचे प्रयोग करू नयेत. संडासात टाकायचं ॲसिड हायड्रोक्लोरिक असतं, ते हेड खातं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमवर पडला की हायड्रोजन सुटतो. कपड्याच्या पावडरचा फेस दहा वेळा धुऊनही जात नाही. आणखी एक : खूप जुन्या रेडिएटरात काही भोकं चुन्यानेच बुजलेली असतात. साफ केलं की गळायला लागतो, आणि मग "धुतल्यानं खराब झाला" असं होतं. भोक आधीच होतं. जुन्या जीपचा, ट्रॅक्टरचा पितळ-तांब्याचा रेडिएटर असेल तर त्याची टाकी उघडून नळ्यांत सळई घालता येते, ते काम रेडिएटरवाल्याचं. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला ती सोय नाही.

उलटं धुणं, म्हणजे खालच्या तोंडातून पाणी सोडून वरून काढणं, साका हलवायला उत्तम. पण दाब बेताचा हवा. मोटरीचा पाइप थेट लावला किंवा प्रेशर वॉशर घातला तर टाकीचा जोड सुटतो. स्लॅबवरच्या टाकीचं पाणी याला अगदी योग्य : दहा मीटर उंचीला एक बार दाब, म्हणजे १२ फुटांवरच्या टाकीचा साधारण ०.३५ बार. पाइप तोंडात घट्ट ठोकू नका, भोवती चिंधी सैल गुंडाळा, म्हणजे जास्तीचं पाणी बाजूने वाहून जाईल.

एवढं आतलं झालं. पण आपल्या भागात निम्म्या गाड्या बाहेरून बुजलेल्या असतात, आणि तिकडे कुणी पाहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचं मळणीयंत्र चालू असतं, हवेत कुटार उडतं. त्याच दिवसांत पांदणीचा फुफाटा. त्यानंतर जिनिंगच्या रस्त्यावर कापसाची बोंडं-रुई. हे सगळं पंखा आत ओढतो. एसीच्या गाडीत पुढे कंडेन्सरची जाळी आणि मागे रेडिएटरची, मध्ये बोटभर फट. पुढून जाळी साफ दिसते, पण टॉर्च घेऊन वरून फटीत पाहिलं तर खालच्या वीतभर भागात कुटार, रुई आणि मेलेले किडे यांचा पक्का नमदा झालेला असतो, त्यावर धूळ-तेल बसून तो चामड्यासारखा होतो. तेवढ्या भागातून हवा शून्य. ट्रॅक्टरवाला मळणीच्या दिवसांत रोज जाळी झटकतो, त्याला हे ठाऊक असतं. कारवाला पुढून पाण्याचा फवारा मारतो आणि नमदा आणखी आत ठासतो. सफाई इंजिनाकडून पुढच्या बाजूला करायची, जिकडून आलं तिकडे परत. आधी कोरडं असताना मऊ ब्रशने, पत्र्याच्या दिशेने उभं, मग साध्या पाइपाने. फवाऱ्याने जाळीचे बारीक पत्रे आडवे पडतात, आणि आडवा पत्रा कुटारासारखाच हवा अडवतो. हे काम दिवाळीनंतर एकदा आणि आतलं धुणं होळीच्या आगेमागे, असं वर्ष बांधून घेतलं तर बरं.

होज उघडेच आहेत तर थर्मोस्टॅट काढून तपासा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्या अंशावर तो उघडू लागतो. भांड्यात पाणी तापत ठेवून तो दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. आकड्याच्या आसपास फट दिसली पाहिजे, पाणी उकळेस्तोवर चांगला उघडला पाहिजे. उकळत्या पाण्यातही बंद राहिला तर फेकून नवा घ्या, रबरी रिंगसकट. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजांत "उन्हाचा मुलूख आहे" म्हणून तो कायमचाच काढून टाकतात. हे मला पटत नाही. थंडीत इंजिन तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल धरते. शिवाय काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

झाकणाचं रबरही पाहा. कडक झालं असेल तर दाब धरत नाही. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पिचकलेला दिसला तर झाकणातला पाणी परत घेणारा छोटा वॉल्व्ह अडकलाय. झाकण बदलावं, आणि त्याच आकड्याचं घ्यावं. जास्त दाबाचं लावून फायदा नाही, होज फुटतात.

कूलंट भरताना इथे मघाचा आकडा काढा. समजा एकूण माप ४.५ लिटर, निघतं २.७, म्हणजे धुतल्यानंतरही आत १.८ लिटर साधं पाणी आहे. त्यावर तयार ५०-५० मिश्रण ओतलं तर प्रत्यक्षात आत ३० टक्केच कूलंट होतं. बाटलीवर ५० लिहिलंय म्हणून आपण निश्चिंत. यासाठी धुतल्यावर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट घ्यावं : २.२५ लिटर ते आणि ०.४५ डिस्टिल्ड, म्हणजे नेमकं निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, आणि नुसतं पाणी कूलंटपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, मग कमी चालणार नाही का? थोडं कमी चालतं. कंपनीच्या पुस्तकात ३० टक्क्यांपर्यंतची मुभा दिली असेल तर ती घ्या, त्याखाली जाऊ नका, कारण गंजरोधक रसायनं त्याच प्रमाणात पातळ होतात. रंग पाहून कूलंट जुळवू नका. हिरवं, निळं, लाल हे कंपनीचे रंग आहेत, जात नव्हे. दोन जातींची मिसळ झाली तर साका होऊन पुन्हा तीच नळी बुजते.

सावकाश ओता, घळाघळा नाही. वरचा होज मधूनमधून दाबत राहा, हवा बुडबुडत निघते. हवा सोडायचा स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत तो सैल ठेवा. झाकण न लावता इंजिन चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, ती भरून घ्या, मग झाकण. रेडिएटरला जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या बाटलीत पातळी दोन खुणांच्या मध्ये. हवा राहिली तर काटा वर-खाली नाचतो आणि डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, पातळी पुन्हा पाहा, जवळजवळ नेहमीच थोडी उतरलेली असते. पहिले आठ दिवस गाडीखाली कागद अंथरून ठेवा. वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या बारीक भोकातून थेंब आला तर आतला सील गेलाय, तिथे क्लिप आवळून काही होत नाही.

उरलेलं कूलंट तयार मिश्रण करून लिटरभर डिकीत ठेवा, डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहून. रस्त्यात इंजिन तापल्याचा तांबडा दिवा लागलाच तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनाची तेवढी उष्णता आतल्या वाटेने निघते. दिवा तरीही विझला नाही तर सावलीत थांबायचं. डिकीतलं मिश्रण संपलं आणि दुसरं काहीच नसेल, तर इंजिन थंड झाल्यावर ढाब्याच्या बोअरचंही पाणी टाकावं. कोरड्या इंजिनापेक्षा ते परवडलं. घरी आल्यावर मात्र ते काढायचं, पुढच्या होळीपर्यंत ठेवायचं नाही.